सिंगल फेज

"याचा एक माल अजून गोडाऊनमध्येच आहे."

कंपनीचा डॉक्टर हे बोलला आणि त्याने फूटपट्टी मागे घेतली. लाकडी फूटपट्टी, शाळेत असते तशी. तिनेच तो आमचं एकेकाचं उचलून बघत होता. हात लावत नव्हता. विटाळ व्हावा तशी ती पट्टी त्याने दोन बोटांत धरली होती.

अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधली मोठी कंपनी. पंपाच्या मोटारी बनवायची. माझी भरती वाइंडिंगला होती, म्हणजे मोटारीत तांब्याची तार गुंडाळायला. कँटीनमधली टेबलं भिंतीला सारून आम्हा नव्या भरतीच्या लोकांना तिथे उभं केलं होतं. अंगावर सूत नाही. कपडे आपापल्या पायाशी. समोर डॉक्टर. त्याच्या बाजूला खुर्ची टाकून पर्सोनेल ऑफिसर बसलेला, तो नावं पुकारत होता. जेवण बनवणारी माणसं हातातलं काम टाकून दारात आली होती. आत डाळ शिजत होती. दर भरतीला तिथे असंच चालायचं. एकेकाला वेगळं बोलवायचं म्हणजे वेळ जातो. म्हणून सगळ्यांना एकदम नागडं करायचं आणि बैलबाजारात फिरावं तसं बघत पुढे सरकायचं.

"खोक," तो म्हणाला. मी खोकलो. त्याने पट्टीने डावीकडे उचललं. मग उजवीकडे. उजवीकडे नुसती सैल कातडी. मग त्याने ते वाक्य टाकलं. मोठ्याने. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आधी ऑफिसर हसला. तो हसला म्हणून रांग हसली. दारातली माणसं हसली. आणि मीसुद्धा हसलो. नागडा उभा राहून, दोन्ही हात पुढे धरून, मी माझ्याच अंगावर हसलो. त्या डॉक्टरचं हसणं मी एक वेळ विसरेन. माझं हसणं आठवलं की अजून तोंड कडू होतं.

"चालेल ना पण?" ऑफिसरने विचारलं.

"वाइंडिंगला हात लागतात," डॉक्टर म्हणाला. "हे कुठे लागतंय?"

पुन्हा हशा. मी फिट ठरलो. नोकरी लागली. तात्पुरती, पण लागली. कपडे चढवून बाहेर आलो, नळावर तोंड धुतलं आणि चालत साकीनाक्यापर्यंत आलो. घरी आईने गोड शिरा केला होता.

आईबद्दल सांगायला हवं. बाप गिरणीत होता. संपात गिरणी बुडाली, लालबागची खोली गेली आणि आम्ही घाटकोपरच्या डोंगरावर पत्र्याच्या खोलीत आलो. बाप तिथे रमला नाही. गावी कोकणात जाऊन बसला तो बसलाच. मुंबईत आई आणि मी. आई खालच्या बिल्डिंगमध्ये दोन घरची भांडी करायची. मी आयटीआय केलं होतं. माझी नोकरी म्हणजे आमच्या दोघांच्या ताटातलं जेवण. एवढं साधं गणित होतं ते.

मी जन्मलो तो गावी. उजव्या बाजूची गोळी पिशवीत नाही, हे सुईणीने तेव्हाच आईला दाखवलं होतं. सुईण म्हणाली, वर राहिली आहे, उतरेल. आमच्याकडे हे म्हणायची पद्धतच आहे. उतरेल. चालायला लागला की उतरेल, दात पडले की उतरेल, मिसरूड फुटलं की उतरेल. मी लहान असताना आई माझ्या पोटाला कोमट तेल लावून वरून खाली हात फिरवायची आणि देवीला गाऱ्हाणं घालायची. डॉक्टरला दाखवलं नाही. दाखवलं की बोभाटा होतो, आणि बोभाटा झाला की पोराला पोरगी कोण देणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मोठा झाल्यावर तेल बंद झालं, पण तिचं एक वाक्य राहिलं.

"लगीन झाला काय उतरतला. तू कोणाक सांगा नको."

मी सांगितलं नाही. नळावर आंघोळीला कधी नुसत्या चड्डीवर बसलो नाही, टॉवेल गुंडाळूनच. पोरं पोहायला विहिरीवर जायची, मी कपडे सांभाळत बसायचो. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात पुनरुत्पादनाचा धडा होता. सरांनी झाडाचं शिकवलं, फुलातले परागकण फळ्यावर रंगीत खडूने काढले, बेडकाचंही सांगितलं. माणसाचं आलं तेव्हा म्हणाले, हे घरी वाचा, परीक्षेला विचारत नाहीत. घरी मी ते पान उघडलं. आई समोर भाकरी थापत होती. मी पान उलटलं. त्या पानावर माझ्या अंगाचा नकाशा होता आणि मी तो बघू शकलो नाही, कारण तो बघणं म्हणजे घाण, असं मला कुणी न सांगताच शिकवलेलं होतं.

तर एवढी वर्षं मुठीत झाकलेलं ते त्या डॉक्टरने अर्ध्या मिनिटात कँटीनमध्ये उघडं केलं.

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो तेव्हा माझं नाव बदललेलं होतं. वाइंडिंग खात्याच्या फोरमनने बारसं केलं. सिंगल फेज. तीन फेजची मोटार असते, तिचा एक फेज जरी गेला तरी ती धड फिरत नाही. नुसती घुमत राहते, तापते आणि शेवटी जळते. आमच्या खात्यात हे शेंबड्या पोरालाही कळतं, त्यामुळे कुणाला विनोद समजावून सांगावा लागला नाही. "सिंगल फेज, तार आण." "सिंगल फेज, चहा सांग." पगाराच्या खिडकीतला क्लार्कसुद्धा तेच म्हणायला लागला. फोरमन मनाने वाईट नव्हता, असं लोक सांगतात. असेल. तो चांगला असल्याचा मला काही उपयोग झाला नाही.

मी चिडलो नाही. चिडलो असतो तर नाव अजून पक्कं झालं असतं, असं माझ्या शेजारी बसणारा रमाकांत म्हणायचा. रमाकांत माझ्याच रांगेतला, माझ्याच बरोबर भरती झालेला. "हस आणि सोड यार," तो म्हणायचा. "पर्मनंट झालास की कोण विचारतंय?" मी हसत राहिलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते मी त्या दिवसांत शिकलो.

त्याच वर्षी आईने माझ्यासाठी स्थळ बघितलं. भांडुपची मुलगी, गाव आमच्या शेजारचंच. मुलगी मी बघितली होती, ती मला आवडली होती. तिने मला विचारलं होतं, मोटारीत तार गुंडाळताना बोटं कापतात का? असं आजवर मला कुणी विचारलं नव्हतं. बोलणी झाली, सुपारी फुटली. मग तिच्या वडिलांना कुणीतरी गाठलं. आमच्या कंपनीच्या रंगखात्यात त्यांच्या नात्यातला एक माणूस होता, त्याने माझं नवं नाव सांगितलं आणि ते कशावरून पडलं तेही सांगितलं.

वडील एकटे आले. चहा घेतला नाही. आईकडे बघत नव्हते, पत्र्याकडे बघून बोलत होते. मुलगी अजून लहान आहे, शिकायचं म्हणते, वगैरे. मी मध्येच विचारलं की खरं कारण सांगा. तेव्हा ते म्हणाले, "उद्या तिला पोर नाही झालं तर बोल तिलाच लागणार. माझी मुलगी मी अर्ध्या माणसाला देणार नाही."

ते बोलले त्यातलं पहिलं वाक्य खोटं नव्हतं. म्हणून दुसरं जास्त लागलं.

त्यानंतर मी खरोखरच स्वतःला अर्धा समजायला लागलो. हे लिहिताना लाज वाटत नाही, राग येतो. दाढी करताना आरशात बघायचो, दाढी दुसऱ्यांपेक्षा विरळ आहे का. आवाज बायकी होतोय का. साकीनाक्याला रस्त्याच्या कडेला एक तंबूवाला बसायचा, मुळ्या आणि पावडरी मांडून, मर्दाना ताकदीचा बोर्ड लावून. मी त्याच्याकडेही गेलो. त्याने दिलेली पावडर दुधातून घेतली आणि पंधरवडाभर पोट बिघडवून घेतलं. आई समजायची, पोराला नजर लागली. ती मीठमोहऱ्या ओवाळत होती आणि मी तंबूतली पावडर खात होतो. दोघंही एकमेकांपासून लपवून.

मग एक दिवस खात्यात एक जड मोटार उचलताना उजव्या जांघेत कळ आली. बसलो तो उठवेना. फोरमन म्हणाला, उरलेला फेजही गेला काय रे? लोक हसले. कळ राहिली. रोज संध्याकाळी तिथे दुखायचं, आत ओढल्यासारखं. शेवटी सुट्टीच्या वारी म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात जाऊन नंबर लावला.

आत एक डॉक्टरीणबाई होती. वयाने माझ्याएवढीच असेल. मी म्हटलं, दुसरे डॉक्टर नाहीत का? ती म्हणाली, आहेत, दुपारनंतर येतील, थांबायचं तर थांबा, पण दुखतंय ते आत्ता ना? मी चपला काढल्या. कॉटवर झोपलो. पट्टा सोडायला हात जाईना. बाहेर बाकावर माणसांची गर्दी, दार उघडं.

तिने उठून पडदा ओढला.

एवढंच. मळका हिरवा पडदा, दोन कड्या तुटलेल्या. पण तो ओढल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला वाटलं दुखतंय म्हणून. तिने हात धुतले, हात पुसले, हात गार आहेत असं आधी सांगितलं आणि मग हाताने तपासलं. जांघेत दाबून बघितलं, पोटात दाबून बघितलं. लहानपणापासून असंच आहे का, विचारलं. मग म्हणाली, कपडे घाला आणि समोर बसा, सांगते.

तिने सांगितलं ते मी तेव्हापासून इतक्या जणांना सांगितलंय की आता ते पाठ झालंय. पण त्या दिवशी ते पहिल्यांदा ऐकत होतो, आपल्याच घरात आजवर न उघडलेली खोली कुणी उघडून दाखवावी तसं.

ती म्हणाली, त्याला वृषण म्हणतात. दोन असतात. मूल आईच्या पोटात असतं तेव्हा ते दोन्ही मुलाच्या पोटातच तयार होतात, मूत्रपिंडाच्या जवळ, आणि जन्माच्या आधी हळूहळू खाली उतरून पिशवीत येतात. पिशवी अंगाच्या बाहेर लोंबते ती काही देवाची चूक नाही. शरीराच्या आतल्या उष्णतेत बीज तयार होत नाही, त्याला थोडी थंडी लागते. म्हणून थंडीत ती पिशवी आक्रसून अंगाला चिकटते आणि उन्हाळ्यात सैल पडते. वृषणाच्या आत बारीक बारीक नळ्या असतात, त्यांत शुक्रजंतू बनतात, रोज, म्हातारपणापर्यंत. ते बनल्या बनल्या कामाचे नसतात. वृषणाच्या पाठीला एक लांबच लांब नळी गुंडाळून बसवलेली असते, तिच्यात ते काही दिवस राहतात आणि पिकतात. मी विचारलं, आम्ही मोटारीत तार गुंडाळतो तशी? ती म्हणाली, तशीच समजा. तिथून दुसरी नळी वर जांघेतून पोटात जाते. तिथे दोन पिशव्या आणि एक ग्रंथी आपापला रस घालतात, तो रस आणि शुक्रजंतू मिळून वीर्य होतं. ते लघवीच्याच वाटेने शिश्नातून बाहेर येतं, पण त्या वेळी मूत्राशयाचं तोंड आवळून बंद होतं, म्हणून दोन्ही एकत्र येत नाहीत. आणि वृषणाचं दुसरं काम म्हणजे रक्तात एक रस सोडणं. आवाज फुटतो, दाढी येते, हाडंमांस भरतं, ते सगळं त्या रसाने.

"मग माझं अर्धं?" मी विचारलं.

"एक वृषण दोन्ही कामं पूर्ण करतं," ती म्हणाली. "तुमचा डावा चांगला आहे. लग्न करा, मुलंही होऊ शकतील. तुम्ही अर्धे वगैरे काही नाही."

मी तिथेच उठून नाचायला हवं होतं. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. ती म्हणाली, उजवा हाताला लागत नाही, म्हणजे पोटात अडकला असणार. आतल्या उष्णतेत त्याने बीज कधी बनवलंच नसेल. त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते वेगळंच. असा आत राहिलेला वृषण पुढे कधीतरी नासू शकतो. त्यात कॅन्सरची गाठ होऊ शकते, आणि तो आत असल्याने ती गाठ वाढेपर्यंत कळत नाही. लहानपणीच ऑपरेशन करून खाली आणून बसवायला हवा होता. आता काढून टाकलेला बरा. तो उतरायची वाट जांघेत कच्ची राहते, तुमची कळ तिथली आहे, तीही त्याच वेळी शिवून टाकतील.

मग तिने सहज विचारलं, "नोकरीला लागताना तपासणी झाली असेल ना? त्या डॉक्टरने काही सांगितलं नाही?"

मी म्हटलं, सांगितलं. एक माल गोडाऊनमध्ये आहे, असं सांगितलं.

ती हसली नाही. पेन उचलून तिने ऑपरेशनसाठी चिठ्ठी लिहायला घेतली. बाहेर आल्यावर मला नीट कळलं की तिने मला काय विचारलं होतं. त्या माणसाने बघितलं होतं. तो शिकलेला होता. आत काय असेल आणि त्याचं पुढे काय होऊ शकतं, हे त्याला त्या पोरीइतकंच माहीत होतं. एक वाक्य सांगायचं होतं. त्याच्याकडे माझ्यासाठी एक वाक्य होतं आणि ते त्याने हशा मिळवण्यात खर्च केलं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. वृषण हा शब्द मी आईसमोर उच्चारला. ती पदर तोंडाला लावून ऐकत होती. मी नासण्याचं सांगितलं, गाठीचं सांगितलं, तेव्हा ती भिंतीला टेकली. तिथूनच म्हणाली.

"तुझ्या धाकट्या मामाचो पण असोच होतो. वर."

मामा मी बघितलेला नाही. तो भर तारुण्यात गेला, एवढंच माहीत होतं. देवचाराने, म्हणजे गावच्या भुताने, धरलं म्हणून गेला, असं घरात सांगायचे. आई म्हणाली, त्याच्या पोटात गोळा झाला होता. नारळाएवढा. जेवण जाईना, पाठीचा कणा दुखायचा, रात्रंदिवस ओरडायचा. भगताने कोंबडे मागितले, आम्ही दिले. बायको आणून वर्ष झालं नव्हतं.

"आणि तू मला सांगत होतीस उतरेल म्हणून?" मी ओरडलो.

"माका काय ठाव, झिला?" ती म्हणाली. "माका कोणी सांगल्यान? आमका कधी कोणी काय सांगल्यान?"

मला तिच्यावर हात उगारावासा वाटला, हे खरं सांगतो. पण ती विचारत होती ते बरोबर होतं. तिला सुईणीने सांगितलं, सुईणीला तिच्या आईने. ज्यांना माहीत होतं ते आमच्या खोलीपर्यंत कधी आले नाहीत आणि आम्ही त्यांच्या दारात गेलो तेव्हा ते पट्टी घेऊन बसले होते. मग आईला काय मारू?

हॉस्पिटलने ऑपरेशनची तारीख दिली. त्याच्या आधीच कंपनीत पर्मनंट करण्याची तपासणी आली. तीच कँटीन, तोच डॉक्टर. पास झालो की पर्मनंट. पगार वाढणार, आजारपणाची भरपगारी सुट्टी मिळणार. म्हणजे ऑपरेशनही आरामात होणार. आईची भांडी सुटणार. रमाकांतने मला आदल्या दिवशी बाजूला घेतलं. त्याला हॉस्पिटलचं सगळं माहीत होतं, फक्त त्यालाच मी सांगितलं होतं. तो म्हणाला, "दोन मिनिटं डोळे मीट. चड्डी काढ, खोक, चड्डी घाल. मग जन्मभर त्याला शिव्या दे."

मी त्याला हो म्हटलं. खरंच म्हटलं. मनाशी ठरवूनच गेलो होतो की डोळे मिटायचे.

टेबलं सारलेली होती. दारात माणसं जमलेली होती. ऑफिसर म्हणाला, चला, उतरवा सगळं. रांगेत कमरेच्या पट्ट्यांची बक्कलं वाजली. मी शर्ट काढला. बनियन काढलं. पट्ट्याला हात गेला आणि तिथेच राहिला. डोळे मिटले तर समोर हॉस्पिटलातला तो मळका पडदा दिसायला लागला. एकदा कुणी माझ्यासाठी पडदा ओढल्यावर बिनपडद्याचं उभं राहता येईना. त्याला माझा इलाज नव्हता.

डॉक्टर माझ्यासमोर आला. "काय रे, मुहूर्त बघतोयस?"

"पडदा लावा," मी म्हटलं. "एकेकाला आत घ्या. मग काढतो."

"तुझ्याकडे लपवायला आहे तरी किती?" तो म्हणाला, आणि ऑफिसरकडे वळून बघितलं. हशा आला. पण या वेळी मी हसलो नाही, त्यामुळे तो जरा लवकर थांबला.

मी विचारलं, "मागच्या खेपेला तुम्ही बघितलंत. एक आत राहिलाय, हे तुम्हाला कळलं. तो आत नासू शकतो, हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं?"

तो गडबडला असं मला इथे लिहिता आलं असतं. तो गडबडला नाही. त्याने चष्मा वर केला आणि एखाद्या मठ्ठ मुलाला सांगावं तसं शांतपणे सांगितलं.

"माहीत होतं. पण माझं काम माणूस कंपनीच्या कामाचा आहे का ते बघणं. तो जगतो की मरतो, ते त्याने बघायचं."

कँटीनमध्ये कुणी हसलं नाही. त्या वाक्यात हसण्यासारखं काही नव्हतं, आणि रांगेतल्या प्रत्येकाला ते स्वतःबद्दल ऐकू आलं होतं. मी बनियन घातलं, शर्ट घातला. सगळी बटणं लावली.

"मग माझ्या अंगाला ही पट्टी लावायची नाही," मी म्हटलं. "आजही नाही आणि परत कधीच नाही."

ऑफिसर म्हणाला, गेटबाहेर पाऊल टाकलंस तर परत आत यायचं नाही. मी टाकलं. जाताना मागे बघितलं. माझ्या मागच्या माणसाने अर्धवट उतरवलेली पँट वर ओढली होती. मला वाटलं, तो येतोय. ऑफिसरने त्याचं नाव पुकारलं आणि त्याने ती पुन्हा खाली सोडली. तो रमाकांत होता. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या घरी तीन लहान भावंडं आहेत. तो आज पर्मनंट आहे.

माझं नाव कामावरून कापलं गेलं. युनियनच्या माणसाकडे गेलो तर तो म्हणाला, तात्पुरत्या कामगारासाठी आणि तेही असल्या भानगडीसाठी आम्ही भांडत नाही. असल्या म्हणजे कसल्या, ते त्याच्या तोंडून निघालं नाही. ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं. आत जो मिळाला तो सुकलेला, वालाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. त्या डॉक्टरीणबाईने नंतर सांगितलं, तपासायला पाठवला होता, अजून नासला नव्हता. मामाचं मी तिला सांगितलं तेव्हा तिने मान हलवली, म्हणाली, तोच आजार असणार. बास. मामा मेला तो मेला.

आता मी साकीनाक्याला एका छोट्या वर्कशॉपमध्ये जळलेल्या मोटारींत नवी तार भरतो. पगार निम्मा. आई अजून भांडी घासते, आणि कधी कधी रागाने म्हणते की दोन मिनिटं गप्प बसला असतास तर माझे हात सुटले असते. तिच्या हातांना भेगा आहेत. मी गप्प बसून ऐकतो.

पण डोंगरावर मी गप्प बसत नाही. कुणाच्या घरी मुलगा झाला की मी जातो आणि बायकांच्या समोर विचारतो, दोन्ही खाली आलेत का बघितलं का? नसतील तर उतरेल म्हणत बसू नका, हॉस्पिटलात न्या. पहिल्यांदा मला हाकललं. म्हाताऱ्यांनी निर्लज्ज म्हटलं. एका बापाने कॉलर धरली. मी पुन्हा गेलो. मी ती नावं मोठ्याने घेतो. वृषण, शिश्न, वीर्य. ज्या शब्दांना आम्ही घाण म्हणून झाकलं, त्यांच्याखाली माझा मामा गाडलेला आहे.

कंपनीची पुढची भरती दिवाळीनंतर आहे. डोंगरावरची बरीच पोरं तयारी करतायत. मी त्यांना सांगितलंय तिथे काय होतं ते, अगदी फूटपट्टीसकट. पडदा मागा, म्हणालोय. एकट्याने मागितला तर काय होतं, तेही सांगितलंय, लपवलं नाही. नोकरीवर लाथ मारा असं मी कुणाला सांगणार नाही. चूल माझ्याही घरात आहे.

तपासणीच्या दिवशी मात्र मी त्या गेटवर उभा राहणार आहे. वॉचमन ढकलेल, पोलीस बोलावतील, बोलावू देत. आत जाणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगणार आहे. तुझ्या अंगाकडे बघून कुणी हसला, तर तू हसू नकोस. त्याला तिथल्या तिथे विचार, तुला काय दिसलं. आणि तो सांगेपर्यंत त्याच्यासमोरून हलू नकोस.